कॅरिअर नसलेली सायकल

लांबच्या प्रवासाला कोणती सायकल घ्यावी हे सांगणारी माणसं आता मला समोर नको असतात. हलकी घ्या म्हणतात. महाग घ्या म्हणतात. एकदाच काय ते चांगलं घ्या, म्हणतात. आणि समोरच्याला मागे काय बांधून न्यायचं आहे, हे त्यातला एकही जण विचारत नाही. कुंभिवलीला आमच्या कंपनीसमोर चहाची टपरी आहे, तिथे रविवारी अशी एक टोळी थांबते. फार्महाऊसपर्यंत मोटारीने यायचं, मोटारीच्या पाठीवरून सायकली उतरवायच्या, पळसदरीच्या धरणापर्यंत जाऊन यायचं आणि मग टपरीवर बसून बाकीच्या जगाला सायकल शिकवायची. यांचं ओझं काय, तर पाण्याची एक बाटली.

चीड त्यांच्यावर आहे, पण तेवढीच नाही. मी कंपनीत मेंटेनन्सला फिटर आहे. शिफ्ट सुटली की त्या टोळीच्या शेजारी उभा राहून मी वर्षभर त्यांचं बोलणं ऐकत होतो, आणि कुणीतरी आपल्यालाही एकदा विचारावं, ‘तुमची कुठली?’ असं मला वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी मुळात बोलका माणूस नाही. घरात, विहारात, कंपनीत सगळीकडे ‘शांत माणूस’ म्हणून माझं नाव आहे. त्या शांतपणाखाली काय काय दडपलं जातं ते मला माहीत आहे, म्हणून आता लिहितो आहे.

सायकल मला नको होती. ती माझ्या बायकोला हवी होती.

ती अंगणवाडी सेविका आहे. आमचं घर दहिवलीत, आणि तिची अंगणवाडी बरीच आत, एका वाडीत. गेली कित्येक वर्षं ती काळ्या लेडीज सायकलवरून जाते. पुढच्या टोपलीत पोषण आहाराची पाकिटं आणि कॅरिअरला बांधलेला वजनकाटा. लहानपणी तिचे आई-वडील दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे आणि शेळ्या राखायला हिला मागे ठेवायचे. लग्नानंतर मी तिला एकदा नेलं, तेही रेल्वेने. मला रजा नव्हती, म्हणून वंदना झाल्याबरोबर उलट गाडी पकडून आणलं. त्यावर ती कधी बोलली नाही. पण मुलगी लग्न होऊन गेली, घर मोकळं झालं, आणि एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, “आवंदा नाय तर पुढल्या साली, मी नागपूरला सायकलनं जानार.”

“वेड लागलंय का गं?”

“लागंना. मुरबाडवरनं माळशेज चढायचा, मंग सगळी सपाटीच हाय म्हनतात. आंथरुन, स्टो, तांदूळ, डाळ बरोबर. कुनाच्या दारात ताट मागायचं नाय. तुमी येताव का?”

मी येतो म्हणालो. तेव्हा खरंच यायचं होतं. माझ्याकडे गिअरची एक साधी सायकल होती, ती मला चालली असती. प्रश्न तिच्या सायकलचा होता. काळ्या सायकलवर माळशेज चढणार नव्हता.

पळसदरीला एक निवृत्त गृहस्थ राहतात. मुंबईचे, पण आता कायमचे इथेच. तिच्या अंगणवाडीला खेळणी द्यायला आले होते, तेव्हा बोलता बोलता नागपूरचा विषय निघाला. त्यांनी कधीकाळी सायकलवर अर्धा देश पालथा घातलेला. गुडघे गेले आणि सायकल शेडमध्ये उभी राहिली. ते म्हणाले, बघायला या. आम्ही गेलो.

सायकल दिसायला काहीच नव्हती. मातकट रंग, जागोजागी ओरखडे, सीट उन्हाने तडकलेली. पण मी फिटर आहे, मला दिसत होतं. पोलादी फ्रेम. मागे आणि पुढेही कॅरिअर, आणि ती कॅरिअर नुसती अडकवलेली नाहीत. त्यांचे बोल्ट बसायला फ्रेमला घडवतानाच भोकं ठेवलेली. चाकाला तारा दाट, टायर जाड. ही सायकल ओझं वाहायलाच जन्माला आली होती. बायकोने हँडल धरून ती अंगणात फिरवली आणि कॅरिअर हाताने दाबून बघितलं, जसं आपण बाजारात कोहळा दाबून बघतो.

“चढावर जीभ बाहेर काढेल, जड आहे,” ते म्हणाले. “पण वाटेत तार तुटली, ब्रेक गेला, तर कुठल्याही गावात दुरुस्त होईल. घेऊन जा. पैसे नकोत. नुसती पडून आहे.”

‘पैसे नकोत’ म्हणाले आणि मी दोन पावलं मागे सरलो. हे मला थोडं सविस्तर सांगावं लागेल, नाहीतर मी नुसताच मूर्ख ठरेन. मूर्ख मी आहेच, पण नुसताच नाही.

आमच्या घरात उतरलेलं घेत नाहीत. उतरलेलं म्हणजे दुसऱ्याने वापरून झालेलं. माझ्या आजोबांच्या वडिलांपर्यंत आमच्या माणसांनी गावाची उतरलेली धोतरं नेसली, मेलेल्याच्या अंगावरचं कापडही पांघरलं. तो आमचा ‘हक्क’ आहे असं गाव म्हणायचं, आणि वर उपकार केल्यासारखं द्यायचं. धर्मांतर झालं त्या साली आजोबांनी घरातलं तसलं सगळं कापड अंगणात जाळलं आणि सांगितलं, यापुढे या घरात येईल ते कोरं येईल. कोरं परवडत नसेल तर उघडं राहू. माझ्या वडिलांनी मला शाळेची पुस्तकंसुद्धा जुनी घेऊ दिली नाहीत. वर्गातली पोरं अर्ध्या किमतीत पुस्तकं घेत असत आणि मी जून-जुलै पुस्तकांशिवाय बसत असे. त्याचा मला कधी राग आला नाही. अजूनही येत नाही. ज्यांच्यामुळे तो नियम करावा लागला त्यांचा येतो.

वाटेत मी बायकोला म्हणालो, “उतरलेली सायकल आपल्या घरात येणार नाही.”

ती म्हणाली, “पैसे देऊ ना मंग. इकत घेतली की उतरलेली कशी?”

“उतरलेलं ते उतरलेलं.”

“आपन ऱ्हातो ते घर कोऱ्या जमिनीवं बांधलं व्हतं का वो? तिथं आधी कुनाचा गोठा व्हता.”

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की विषय संपला, अशी आमच्या घरची रीत. आता स्पष्ट लिहितो: आजोबांनी पेटवलेली ती आग खरी होती, पण त्या दिवशी तिच्यावर मी माझी पोळी भाजून घेतली. मला टपरीवरच्या टोळीत उभं राहायचं होतं, आणि ओरखड्यांची मातकट सायकल घेऊन तिथे उभं राहता येत नाही. हे बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून आजोबांना पुढे केलं.

आम्ही शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. काचा, एसी, भिंतीवर टांगलेल्या सायकली. विकणाऱ्या पोराने आधी तिच्या चपला बघितल्या, मग माझा चेहरा.

“लेडीज तिकडे आहेत, काका. बास्केटवाल्या.”

“लांब जायचंय,” मी म्हणालो.

“कुठे, खोपोलीला?”

“नागपूरला,” ती म्हणाली.

तो हसला. त्याच्या शेजारचाही हसला. “ताई, ट्रेन आहे की नागपूरला.”

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, सगळ्यात चांगली दाखव. त्याने दाखवली. कार्बनची. एका बोटावर उचलली जाईल अशी, काळीभोर, बारीक टायर, चाकाला मोजक्या तारा. बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागून वाकून बघितलं आणि विचारलं, “हिला कॅरिअर कुठं बसतं?”

“ताई, या लेव्हलच्या सायकलला कॅरिअर कोण लावतं?”

“मंग भांडी कशावं ठेवायची?”

आता दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. त्या पोराला हे माहीत होतं की ही सायकल ओझ्यासाठी नाही. बाई भांडी नेणार आहे, हे त्याने कानांनी ऐकलं होतं. तरी त्याने ती विकली. आणि मलाही माहीत होतं. तरी मी ती घेतली, कारण हसणाऱ्यांच्या देखत ‘याच्यापेक्षा स्वस्त दाखव’ म्हणणं मला जमलं नाही. हप्ते बांधून घेतले. बायको म्हणाली, “अवो, ऐका तरी.” मी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर म्हणालो, “कॅरिअर मी करून देतो. फिटर आहे मी.”

त्या रविवारी टपरीवर मला विचारलं गेलं. कुठली, कधी घेतली, काका छुपे रुस्तम निघाले. चहा त्यांनी पाजला. बायकोची सायकल मी माझी म्हणून दाखवली, हेही इथेच लिहून ठेवतो.

मग कॅरिअर. भोकं नव्हती, म्हणून मी मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांना क्लॅम्प लावायचं ठरवलं. क्लॅम्प चांगले बनवले, वर्कशॉपमध्ये, पट्टी वाकवून, आत रबर घालून. सगळं आयुष्य मी पाइपांना क्लॅम्प लावत आलो आहे. पाइप हलायला नको असेल तर आवळायचा, आणि घट्ट वाटला की वर आणखी अर्धा आटा द्यायचा. माझ्या उस्तादाने हाच धडा दिला होता आणि लोखंडाच्या बाबतीत तो कधी खोटा ठरला नाही. पण ते लोखंड नव्हतं, कार्बन होतं; जास्त आवळलं की ते वाकत नाही, तडकतं. उजव्या नळीवर तो शेवटचा अर्धा आटा दिला आणि बारीक आवाज आला. वाळलेली कुरडई मोडावी तसा.

क्लॅम्प सरकवून बघितलं. केसासारखी रेघ होती. नखाला लागत होती.

मी तिथे बसून राहिलो. बायको आत तांदूळ निवडत होती. हाक मारायला हवी होती. ‘अगं, मी घाण केली, ही गेली कामातून,’ एवढंच वाक्य. त्याऐवजी उठून काळी इन्सुलेशन टेप आणली, दोन्ही नळ्यांना सारखी गुंडाळली, क्लॅम्प जागेवर सरकवला आणि म्हणालो, “झालं कॅरिअर.”

तिने टेपवरून हात फिरवला. “ही कशाला?”

“खरचटू नये म्हणून.”

भाद्रपद संपत आला होता. निघायच्या आधी एकदा सगळं ओझं घेऊन खोपोलीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. तिने दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत स्टोव्ह, पातेलं, तांदूळ, डाळ, कपडे भरले, वर अंथरूण बांधलं. ती पुढे आणि मी मागे. दहिवलीपासून पळसदरीपर्यंत मी रस्ता बघितलाच नाही. त्या टेपकडे बघत होतो. प्रत्येक खड्ड्याला दात दाबत होतो. ती खुशीत होती. मागे न बघता म्हणाली, “पिसावानी पळते वो ही. पैसं वाया नाय गेलं.”

थांब म्हणायला तो शेवटचा क्षण होता, आणि मी म्हणालो, “बघ, सांगत होतो ना.”

पळसदरीच्या पुढे उतार आहे. तिथल्या एका खड्ड्यात मागचं चाक गेलं, टेपखालची नळी मोडली, कॅरिअर खाली बसलं, पिशवी तारांत शिरली आणि चाक जागच्या जागी थांबलं. ती हातावर पडली. मागून येणारा टेंपो थांबला. ड्रायव्हरने तिला उचलून पुढे बसवलं, सामान मागे टाकलं आणि मला म्हणाला, “काका, काकूला घराभायेर काढताव का काय? संसार लादलाय नुस्ता.”

त्याने चेष्टा केली. पण ओझं तिने जास्त लादलं, हे सगळं इथूनच सुरू झालं.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. त्या सालचं नागपूर बुडालं. मी तावातावाने तुटकी सायकल घेऊन दुकानात गेलो, आणि ती हट्टाने बरोबर आली. कॅरिअर आणि क्लॅम्प मी घरीच काढून ठेवले होते; टेप मात्र राहिली होती. मालकाने टेपकडे बघितलंही नाही. तो तिलाच म्हणाला, “ताई, काय काय भरलं होतं तुम्ही?”

आणि तिने सांगितलं. प्लास्टरचा हात छातीशी धरून, शाळेत पाढे म्हणावेत तशी. स्टोव्ह. पातेलं, झाकण. तांदूळ. डाळ. अंथरूण. दोन साड्या, दोन ड्रेस. मालक मान हलवत होता. “एवढ्या ओझ्याला फ्रेम कशी टिकणार? टूरिंगला पॅकिंग हेच स्किल असतं, ताई.”

“माझंच चुकलं मंग,” ती म्हणाली. “तांदूळ वाटेतबी मिळाला असता.”

मी शेजारी उभा होतो.

त्यानंतर पूर्ण हिवाळा हे चाललं. टपरीवर टोळीतला एकजण म्हणाला, “काका, बायकांना कमी सामान घेऊन निघायला शिकवणं महाकठीण.” मी मान हलवली. विहारात रविवारच्या वंदनेनंतर बायका तिला चिडवायच्या, “काय गं, जातं न्हवतं का घेतलंस बरोबर?” ती हसायची, आणि स्वतःच तांदळाचा किस्सा रंगवून सांगायची. वर्षानुवर्षं वजनकाटा आणि पोषण आहार सायकलवर वाहणारी बाई. ओझं किती बांधायचं, कुठे बांधायचं, हे तिच्याइतकं त्या दुकानातल्या कुणालाही कळत नव्हतं, आणि ती स्वतःला ओझ्याचा अंदाज नसलेली बाई समजायला लागली. अंगणवाडीला जाताना वजनकाटा बांधून झाला की दोरी दोनदा ओढून बघायची. पूर्वी कधी बघत नसे. हे मी केलं होतं. मनगट जुळून येतं. हे जुळून येत नव्हतं.

फाल्गुनात ती म्हणाली, “ती सायकल भंगारात द्या. हप्तं फिटलं की सुटलो. मी नाय जायाची आता. मला नाय झेपायचं.”

मी बोललो. नीट बोलायला जमलं नाही. क्लॅम्पपासून सुरुवात केली, मग मागे दुकानात गेलो, मग टेपवर आलो. आवाज ऐकला होता हे सांगितलं. आजोबांचं नाव कशासाठी घेतलं होतं तेही सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

मग म्हणाली, “म्हंजी तांदळानं नाय मोडली.”

“नाही.”

“हाताचं जाऊ द्या. पडते मानूस. पन चार लोकांत तुमी मला तांदळाचा हिशेब द्याया लावलात. आन् बाजूला उबे ऱ्हायलात, खांबावानी.”

मी म्हणालो, “चुकलं.”

“मला काय सांगताव? मी तांदळाचं जिथं सांगितलं तिथं जाऊन सांगा.”

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांना वाटलं वर्गणीचं काहीतरी असेल. मी टेपचं सांगितलं. मग माझी चुलती, ऐंशीच्या घरातली, मोठ्याने म्हणाली, “मंग हसलो ती आमी कुनाला रं?” आणि माझ्या बायकोकडे वळून, “तू बी काय गं, लगेच माझंच चुकलं म्हनून मोकळी. बाईची जात.”

“व्हय ना,” बायको म्हणाली. “त्याचाच राग येतोय मला.”

दुकानातही गेलो. मालक म्हणाला, “ठीक आहे काका, आता काय त्याचं.” ओझ्याची सायकल मागणाऱ्या बाईला बिनओझ्याची सायकल विकली, याबद्दल त्याला आजही काही वाटत नाही. तो माझ्यानंतरच्या गिऱ्हाइकालाही तेच विकत होता. टपरीवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कार्बनला टॉर्क रेंच लागतो, काका, मोजून आवळायला. एवढंच त्यांनी ऐकलं.

पळसदरीला त्या निवृत्त गृहस्थांकडे ती एकटी गेली. सायकल अजून शेडमध्येच होती. तिथे काय झालं ते तिने मला चुलीपुढे बसून सांगितलं. ते म्हणाले, अहो घेऊन जा, पैसे कसले. ती म्हणाली, फुकट नको, सांगा. त्यांनी भीत भीत आकडा सांगितला. ती म्हणाली, एवढ्यात तर तिची दोन चाकं येत नाहीत, वाढवा. ते म्हणाले, मी नाही वाढवणार. अर्धा तास उलटी घासाघीस चालली. शेवटी तिच्या मानधनातून तिने ठरवलेले पैसे टेबलावर ठेवून ती सायकल चालवत घरी आली.

“उतरलेली हाय,” दारात उभी राहून ती मला म्हणाली. “मी घेतली. घरात घेऊ का पडवीत ठेवू?”

“घरात घे.”

आजोबांच्या फोटोखालून ती सायकल आत गेली. ते हयात असते तर काय म्हणाले असते, हे मला माहीत नाही. आजोबा जन्मभर देणाऱ्याच्या हातावर चिडलेले होते, हे मात्र माहीत आहे. आणि तिने त्या हाताला किंमत घ्यायला लावली.

सायकल काही जादूची नाही. जड आहे, गिअरचा खटका अडतो, मागची एक तार पहिल्याच आठवड्यात गेली. कर्जतला एका टपरीवजा दुकानात ती लगेच मिळाली. आता पाऊस ओसरत आलाय. परवा ती सगळं सामान बांधून त्याच उताराने खोपोलीला जाऊन आली. मला ये म्हणाली नाही. मी कंपनीत होतो, आणि दिवसभर माझ्या हातून एकही काम धड झालं नाही. घरी आलो तेव्हा ती पाय पसरून बसली होती, चेहरा उन्हाने रापलेला.

“उतरताना बेस. चढाला मातर शेवटच्या गिअरलाबी जड जाते,” ती म्हणाली. “मागं मोठ्या दात्यांचं फ्रीव्हील टाकाया लागंल, नायतर माळशेजात ढकलावी लागंल. तुमी कराल?”

“करतो.”

“करा. पन झालं की कायबी झाकायचं नाय. मी बगनार, मंगच बांधनार.”

काल फ्रीव्हील बदललं. ती शेजारी पाटावर बसून बघत होती. काम झाल्यावर तिने माझ्या हातातून पाना घेतला आणि एकेका बोल्टला लावून बघितला. सगळे बघून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघितले. मी बाजूला उभा होतो. दसऱ्याआधी ती निघणार आहे. मी बरोबर असेन की नाही, हे तिने अजून सांगितलेलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे असं मला अजून वाटत नाही.